सातारा ते बंगळूर गाडीने, सोबत सव्वादोन वर्षांची लेक... कसं न्यायचं?

चिऊची_आई, सातारा

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बंगळूरला माझ्या बहिणीकडे जायचं ठरतंय. मी, नवरा, सासूबाई आणि आमची लेक, वय सव्वादोन. साताऱ्यापासून साधारण सव्वासातशे किलोमीटर पडतं. रेल्वेची तिकिटं बघितली पण चौघांची एकत्र मिळेनात म्हणून गाडीच काढायची असं ठरलंय. आणि मला आत्तापासूनच धडकी भरलीय.

कारण सांगते. दिवाळीत आम्ही गुहागरला गेलो होतो, उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. पाटणपर्यंत लेक मजेत होती. मग कंटाळली, म्हणून मोबाईल दिला, आणि निघण्याआधी मी तिला भरपूर दूध पाजलं होतं, भूक नको लागायला म्हणून. घाट सुरू झाला आणि दहा मिनिटांत सगळं दूध बाहेर. माझ्या अंगावर, तिच्या अंगावर, सीटवर. ती माझ्या मांडीवर होती. कपडे डिकीत सगळ्या बॅगांच्या खाली आणि घाटात गाडी लावायला जागा नाही. तशीच ओली लेक घेऊन बसले, परत एकदा उलटी झाली, आणि चिपळूण येईपर्यंत ती जी रडली ते माझ्या अजून कानात आहे. गुहागरला पहिल्या रात्री झोपलीच नाही, नवीन घर, नवीन वास, सारखी दाराकडे बोट करत होती. परत यायच्या दिवशी गाडीचं दार उघडलं तर दोन्ही हातांनी फाटक धरून "गाई नको, गाई नको" (गाई म्हणजे गाडी). आता पोवई नाक्यापर्यंत जायचं म्हटलं तरी तेच करते. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्याआधी भुर्र जायचं म्हटलं की चप्पल घेऊन ही सगळ्यांच्या आधी दारात असायची.

आता प्रश्न. एका दिवसात जावं का मुक्काम करावा? नवरा म्हणतो रात्री निघू, ती झोपेल. कार सीट घ्यावी असं मला वाटतंय पण सासूबाई म्हणतात एवढ्याशा लेकराला पट्ट्यात आवळून कशाला बसवायचं, मी मांडीवर घेते की. मोबाईल द्यायचा की नाही? आणि एका नातेवाइकांनी सांगितलं की निघताना सर्दीचं औषध अर्धा चमचा पाजा, मस्त झोपतात पोरं. खरंच देतात का कोणी असं? मला ते पटत नाहीये पण घरात सगळे म्हणतायत काही होत नाही.

सिस्टर_कराड

ताई, बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. झोपण्यासाठी सर्दीचं औषध अजिबात द्यायचं नाही. मी वीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काम केलंय म्हणून कळकळीने सांगतेय. लहान मुलांमध्ये त्या औषधांनी श्वास मंदावू शकतो, काही मुलं उलट जास्तच चिडतात आणि झोपतच नाहीत, आणि धावत्या गाडीत मागे अंधारात मूल शांत पडलंय म्हणजे झोपलंय का गुंगीत गेलंय हे तुम्हाला कळणार कसं? क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन हे सर्दीच्या औषधात एकत्र असतं, त्याच्या बाटलीवर "4 वर्षांखालील मुलांना देऊ नये" असं छापायला 2023 च्या डिसेंबरमध्ये केंद्रातल्या औषध नियंत्रकांनीच सांगितलेलं आहे. घरातल्यांना बाटली हातात देऊन वाचायला लावा.

आता उलटीचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी सहसा लागत नाही, दोननंतर लागायला सुरुवात होते आणि मग बाराव्या वर्षापर्यंत त्रास राहू शकतो. म्हणजे तुमची लेक आत्ता त्या वयात शिरलीय. होतं काय, की कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण वळतोय हलतोय, आणि डोळे खाली मोबाईलच्या चित्रावर असले की ते सांगतात आपण एका जागी आहोत, या दोघांचं जुळत नाही आणि मग मळमळतं. तुमच्या घाटात नेमकं तेच झालं, वर पोटात दूध गच्च. त्यात तुमचं काही चुकलं असं मनाला लावून घेऊ नका, भूक लागू नये म्हणून कुठलीही आई दूध पाजेलच. पण यावेळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास हलकं काहीतरी द्या, मऊ इडली, थोडी दशमी, अर्धं केळं, आणि मग रस्त्यात थोडं थोडं. दूध मुक्कामाला पोचल्यावर. पाणी घोट घोट देत राहायचं. गाडीतलं ते वासाचं अत्तर काढून टाका आणि अधूनमधून काच दोन बोटं खाली करून बाहेरची हवा येऊ द्या. समोरचा रस्ता दिसेल अशी ती बसली तर बरं.

उलटीची गोळी मोठ्यांच्या पाकिटातली मोडून देऊ नका. त्यात बऱ्याचदा प्रोमेथाझिन असतं, ते दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नसतं आणि त्यापुढेही वजन बघून डॉक्टर ठरवतात. तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना निघण्याआधी एकदा दाखवून विचारा, ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा, तापाचं औषध नेहमीचंच, आणि त्याचा डोस कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात.

अजून एक, मूल झोपलंय म्हणून त्याला बंद गाडीत ठेवून चहाला उतरायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. उन्हात उभी असलेली बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते आणि लहान मुलाचं अंग आपल्यापेक्षा कितीतरी पटीने लवकर तापतं. थंडीचे दिवस आहेत म्हणून गाफील राहू नका, दुपारचं ऊन तिकडेही असतंच.

पहाटवारा

आम्ही नेहमी रात्री 2 ला निघतो. पोरं झोपलेली उचलून गाडीत टाकायची, डोळे उघडतात तेव्हा बेळगाव आलेलं असतं. बेस्ट आहे. एका दिवसात पोचाल.

वाळव्याचा_दादा

पहाटवारा, तुमचं चांगलं चाललंय तर आनंदच आहे, पण ताईंना मी हे अजिबात सांगणार नाही. डिसेंबर म्हणजे आमच्याकडं कारखान्यांचा हंगाम ऐन भरात. कराडपासून पार कागलपर्यंत रस्त्यावर ऊसच ऊस, डबल ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर त्यावर उसाचं वाढं लोंबत असतं. त्यात सहापदरीकरणाच्या कामामुळं गेली काही वर्षं जागोजागी डायव्हर्जन, कुठं अचानक सर्व्हिस रोडला उतरावं लागतंय कळत नाही. माझ्या सख्ख्या मावसभावाची गाडी पहाटे साडेतीनला अशाच थांबलेल्या ट्रॉलीला मागून घुसली. जीव वाचला सगळ्यांचा पण पाय अजून नीट नाही. लई वाईट दिवस बघितले आमच्या घरानं. पहाटे दोन ते पाच ही वेळच अशी आहे की गाडी चालवणाऱ्याला डुलकी कधी लागली ते त्यालाच कळत नाही, आणि तुमच्याकडं चालवणारा एकच दिसतोय.

म्हणून माझं ऐका, चांगलं उजाडल्यावर निघा, साडेसहाच्या पुढं. आणि तोच ऊस बारक्या पोरांना दिवसा काय मजा आणतो बगा! माझा पोरगा तीन वर्षांचा हाय, त्याला नुसतं सांगायचं की ट्रॅक्टर दिसला की ओरड. कराड ते कोल्हापूर कसं जातं कळत नाही. बैलगाडी दिसली की दोनदा ओरडायचं असा त्यानं स्वतःच नियम केलाय.

कृष्णाकाठ, सांगली

कार सीटबद्दल लिहितो कारण माझी दोन्ही मुलं त्यातच मोठी झाली आणि आम्ही सांगली-पुणे महिन्यातून दोनदा करतो.

आधी कायद्याचं. मोटार वाहन कायद्यात 2019 साली जी दुरुस्ती झाली त्यात कलम 194 ब आलं, 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर 1000 रुपये दंड आहे. पण दंडाचं सोडा. अचानक ब्रेक लागला तर आपण आपल्या हातातली भरलेली पिशवी धरू शकत नाही, तिथे बारा किलोचं मूल कुणाच्याच हातात राहणार नाही, आईचे हात कितीही घट्ट असले तरी. आणि पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसणं तर सगळ्यात वाईट, एअरबॅग उघडली तर ती थेट मुलावर.

सीट घेताना गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे मुलांची सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक आहेत का बघा, मागच्या सीटच्या फटीत बोट घातलं की लोखंडी कडी लागते. नसतील तर पट्ट्याने बांधायची सीट येते, फक्त नीट आवळा, धरून हलवली तर इंचभरापेक्षा जास्त सरकता कामा नये. सीटवर लिहिलेल्या वजनात बसत असेल तर मूल मागे तोंड करून बसवणं जास्त सुरक्षित, मानेला आधार मिळतो म्हणून, दोन वर्षांनंतरसुद्धा. पण तुमच्या लेकीला गाडी लागते, त्यामुळे मागे तोंड करून तिला कसं वाटतंय ते आधी गावातल्या गावात बघा. पुढे तोंड करायचं झालं तर सीटच्या पुस्तकात त्यासाठीचं वजन-उंची काय दिलीय ते वाचून मगच. वापरलेली घेणार असाल तर ओळखीच्या माणसाकडूनच, अपघातात सापडलेली सीट बाहेरून चांगली दिसली तरी कामाची राहत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सीट निघायच्या दिवशी पहिल्यांदा दाखवायची नाही!! पंधरा दिवस आधी आणा आणि हॉलमध्ये ठेवा. आम्ही तेच केलं. पहिले दोन दिवस त्यात बाहुली बसली, बाहुलीला पट्टा लावला, बाहुली "कोल्हापूरला" जाऊन आली. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली मला. मग त्यातच बसून वरणभात. मग गाडीत ठेवून नुसतं बसायचं, गाडी सुरूसुद्धा करायची नाही. मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग आजोळी. तुमची लेक गाडीला घाबरलीय ना, तिला तर हे नक्की करा, घाई करू नका.

थंडीत एक चूक सगळे करतात, जाड स्वेटर किंवा जर्किन घालूनच पट्टा लावतात. पट्टा घट्ट वाटतो पण आत कापूस दबला की तो ढिला असतो. स्वेटर काढून पट्टा लावायचा, खांद्यावर पट्ट्याची चिमूट पकडता येता कामा नये, आणि मग वरून दुलई पांघरायची.

विश्रामबागची_आजी

चिऊच्या आई, तुझ्या सासूबाईंच्या वयाची आहे म्हणून लिहिते. मीही असंच म्हणायचे. आमची मुलं आम्ही एसटीत मांडीवर घेऊन पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर सगळीकडे नेली, काही झालं नाही, मग हे नवीन कशाला. सुनेने सीट आणली तेव्हा मला फार राग आला होता, वाटलं आपल्यावर विश्वास नाही. मग एकदा अंकलीच्या पुलाच्या अलीकडे आमच्या गाडीपुढे म्हैस आली, मुलाने ब्रेक दाबला, आणि माझी पर्स, डबा, चष्मा सगळं पुढे जाऊन आदळलं. नातू जागचा हलला नाही, हातात बिस्कीट तसंच. त्या दिवशी घरी आल्यावर मी सुनेला जवळ घेतलं. तुझ्या सासूबाईंना हे वाचून दाखव, आणि त्यांना सांग की मांडी लागणारच आहे, गाडी थांबली की प्रत्येक वेळी. आणि गाडीत लेकीच्या शेजारची जागा त्यांची. आजी शेजारी असली की पोरांना दुसरं काही लागत नाही ग.

आता करमणुकीचं. तुम्ही हल्लीच्या मुली खेळणी एकदम सगळी काढून देता आणि अर्ध्या तासात पोर कंटाळतं. मी एक कापडी पिशवी घेते, त्यात दहा-बारा बारक्या वस्तू, एकेक जुन्या रुमालात गुंडाळून गाठ मारलेली. गाठ सोडण्यातच त्यांची दहा मिनिटं जातात. आत काय तर चमचा, रिकामी डबी, लाकडी भोवरा, मोठ्या झाकणांची माळ, दोऱ्यात ओवलेली कापडी चिमणी. विकत काही नाही. फक्त तोंडात जाऊन घशात अडकेल एवढं बारीक काही नको. एक वस्तू एका टप्प्याला, आणि ती परत पिशवीत गेल्याशिवाय दुसरी नाही. वळणाचा रस्ता असला की पिशवी बंद, तेव्हा खिडकीबाहेर बघायचं आणि गोष्ट सांगायची. गोष्ट तिचीच सांगायची. "एक होती चिऊ, ती सकाळी उठली, तिने दात घासले..." यापेक्षा आवडती गोष्ट या वयाला नसते, मी शंभर वेळा सांगून पाहिलीय.

खाण्याला दशमी करून घे, दुधात भिजवलेली कणीक, दोन दिवस मऊ राहते. राजगिऱ्याचा लाडू कुस्करून. आपल्याकडचे बेदाणे चालतील पण भिजवून, कुस्करून. द्राक्षं नेलीस तर उभी चिरून चार फोडी कर, सबंध द्राक्ष चालत्या गाडीत मुळीच नाही, घशात नेमकं बसतं ते. शेंगदाणे, फुटाणे तर घरी ठेव.

हुबळीकर_सांगलीचा

मी मूळचा सांगलीचा, नोकरीला हुबळीत. माझ्या मते मुक्काम कराच, आणि तो हुबळीत करा. साताऱ्यातून सव्वातीनशेच्या आसपास होतं, म्हणजे पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी चारशे राहतात पण दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकूर असा सरळ सपाट रस्ता आहे, घाट म्हणावा असा नाही.

थांबे असे धरा की मूल उतरून पळू शकेल. ढाब्यावर पोर टेबलाखाली शिरतं आणि आपण त्याला ओढत बसतो, त्याने त्याचे पाय मोकळे होत नाहीत. कोल्हापूर ओलांडलं की गोकुळ शिरगावजवळून कणेरी मठाकडे वळा, तिथल्या सिद्धगिरी म्युझियममध्ये जुन्या गावाचे देखावे आहेत, खऱ्या मापाच्या गाई, बैल, कुंभार, सुतार. सगळं बघायला गेलात तर दोन तास जातील, तुम्ही फक्त बैल आणि गाई बघून बाहेर पडा. मग बेळगावनंतर, धारवाडच्या अलीकडे कित्तूर. हायवेपासून जवळच राणी चन्नम्मांचा किल्ला, 1824 साली इंग्रजांशी लढल्या त्या. आता वाड्याचे अवशेष आणि भोवती मोकळी जागा आहे, पोरांना पळायला उत्तम. मोठ्यांनी इतिहास वाचावा, पोरांनी लोळावं. हुबळीत संध्याकाळी उणकल तलावाच्या काठाला बाग आहे.

सकाळी निघालात तर ऊन डावीकडून येतं आणि दुपारनंतर उजवीकडून, त्यामुळे सीट कुठे लावता ते बघून एक पातळ सुती ओढणी काचेला लावायला ठेवा. आणि खाण्याची काळजी नको, आमच्याकडे कुठल्याही हॉटेलात मऊ इडली मिळते, चटणी-सांबार बाजूला ठेवून नुसती तूप लावून द्या.

चिऊची_आई, सातारा

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय की मला खरंच भरून आलं. आजी, तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं (हो, पत्रच म्हणाल्या त्या). काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी स्वतःच रुमालांना गाठी मारत बसल्या होत्या.

सर्दीच्या औषधाचा विषय बंद. सीट उद्या येतेय. हुबळीचा मुक्काम पक्का. मोबाईलचं मात्र कुणी बोललं नाही?

सिस्टर_कराड

मोबाईल जमेल तितका लांब ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचं 2019 चं सांगणं असं की दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून एक तासाच्या वर स्क्रीन नको, कमी असेल तितकं चांगलं. पण तुमच्या बाबतीत त्याहून मोठं कारण ते उलटीचं. चालत्या गाडीत मान खाली घालून बघणं नकोच. अगदीच रडून आकांत केला तर गाणी लावा नुसती, ऐकायची. आणि शेवटचा उपाय म्हणून दाखवायचाच झाला तर गाडी उभी असताना.

कृष्णाकाठ, सांगली

कपड्यांचं राहिलं. डिकीत नाही, पायाशी पिशवी. त्यात तिचे दोन जोड, तुमचा एक कुर्ता, जुने टॉवेल, ओले रुमाल, आणि दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवलेल्या चार, उलटीसाठी. वर्तमानपत्रही ठेवा.

चिऊची_आई, सातारा

जाऊन आलो! परवाच परतलो, आणि आधी इथे लिहायला बसले.

सीट हॉलमध्ये सतरा दिवस होती. पहिले चार दिवस तिने ढुंकून पाहिलं नाही. मग एक दिवस सासूबाईंनी त्यात त्यांची जपमाळेची पिशवी ठेवली आणि म्हणाल्या ही माझी जागा, तर लगेच ही चढून बसली. गाडीत बसवायला मात्र अजून आठवडा गेला, दार लावलं की ओठ काढायची. आम्ही रोज संध्याकाळी गोडोलीच्या तळ्यापर्यंत जाऊन यायचो, तिथे बदकं दाखवायची आणि परत. नवव्या की दहाव्या फेरीला ती स्वतः म्हणाली "भुर्र". माझ्या नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिला.

निघालो पावणेसातला. स्वेटर काढून पट्टा, वर सासूबाईंची गोधडी. कराडपर्यंत झोपली. मग ट्रॅक्टर! दादा, तुमच्या पोराचा नियम आमच्याकडे पण लागू झाला, फक्त आमची बैलगाडीला तीनदा ओरडते. कणेरीला देखाव्यातल्या गाईला दशमी भरवायला गेली, गाय खात नाही म्हणून रुसली, तिथून हलायला अर्धा तास जास्त लागला. कित्तूरला पोचेपर्यंत दुपारचे अडीच झाले, पण तिथे मोकळं सोडल्यावर अशी पळाली की हुबळीपर्यंतचा तास-दीड तास परत झोप. उलटी एकदाही नाही.

हुबळीच्या हॉटेलात झोपेचा प्रश्न येईल असं वाटलं होतं, म्हणून घरची उशी आणि तीच गोधडी नेली होती, न धुता. तोच वास, आजी शेजारी, नऊला झोपली.

दुसरा दिवस सोपा नव्हता, खरं सांगते. सकाळी बरं गेलं, चित्रदुर्गच्या आसपास डोंगरावर पवनचक्क्या दिसल्या तर ही सीटमधून ओरडायला लागली "आपला पंखा! घल आलं!". ठोसेघरला जाताना चाळकेवाडीच्या पवनचक्क्या तिने खूपदा पाहिल्यात ना, तिला वाटलं सातारा आला. आणि घर काही येईना. त्यानंतर जे रडं सुरू झालं ते थांबेना. पिशवी झाली, गोष्ट झाली, गाणी झाली. शेवटी सिरा ओलांडून एका पेट्रोल पंपाच्या कडेला झाडाखाली गाडी लावली, सीटमधून काढून सासूबाईंच्या मांडीवर दिली, आणि कुणी काही बोललं नाही. वीस-पंचवीस मिनिटं. हुंदके थांबले, मग तिनेच विचारलं "मावशी?" म्हटलं हो, आता मावशी. पुढे तुमकूरनंतर नेलमंगलापासून ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलो, तेव्हा परत कुरकुर, पण ती सीटमध्येच होती आणि आम्ही पण वैतागलेलो होतोच, त्यात तिला काय बोलणार.

तिथे पोचल्यावर एक गोष्ट बहिणीला आधीच फोन करून सांगितली होती, की दार उघडल्या उघडल्या कुणी तिला उचलून घेऊ नका. सगळे खाली बसले आणि ती स्वतःच्या वेळेने गेली. पाच दिवसांत आम्ही लालबाग आणि कब्बन पार्क एवढंच पाहिलं, दिवसाला एकच ठिकाण आणि तेही सकाळी, दुपारी घरी वरणभात आणि झोप. बहिणीचे मिस्टर म्हणत होते म्हैसूरला जाऊन येऊ, मी नाही म्हटलं, आणि मला त्याची अजिबात हळहळ नाही.

विश्रामबागची_आजी

चिऊच्या आई, डोळ्यात पाणी आलं ग वाचून. रुमालातलं तिला काय आवडलं ते नाही सांगितलंस.

चिऊची_आई, सातारा

आजी, आतलं काहीच नाही. गाठीच. एक सोडली की सासूबाईंकडे द्यायची, "पलत". येताना हुबळी ते कोल्हापूर तेवढंच चाललं होतं. आता घरात ओढणी, टॉवेल, पडदा, सगळ्याला गाठी मारून ठेवलेल्या असतात, आणि सकाळी सीट गाडीतून काढून परत हॉलमध्ये आणा म्हणून मागे लागलीय.

वाळव्याचा_दादा

आणून द्या की ताई, बसू दे पोरीला. आमच्यात अजून जेवण त्यातच चाललंय.

नवी_आई, मिरज

सगळं वाचलं, खूप उपयोग होईल. माझा मुलगा दीड वर्षाचा आहे, मार्चमध्ये गोव्याला जायचंय. ताई, ती सीट वरणभाताने खराब झाली असेल ना, कव्हर निघतं का धुवायला?

चिऊची_आई, सातारा

निघतं. पण काढण्याआधी पट्टे कुठून कसे ओवलेत त्याचा फोटो काढून ठेवा, मला परत बसवायला अख्खी दुपार लागली होती. आणि पट्टे पाण्यात भिजवू नका, नुसत्या ओल्या फडक्याने पुसा, सीटच्या पुस्तकात तसंच लिहिलंय. कव्हर सावलीत वाळवायचं.